शेवळं शुक्रवारची वाट पाहत नाहीत: उपक्रमांचं वेळापत्रक आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
प्राथमिक शाळांच्या उपक्रमांचं वार्षिक वेळापत्रक आखणारी सर्व मंडळी,

स.न.वि.वि.

मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. दोनशिक्षकी शाळा, पट एकवीस. पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथीची अकरा पोरं माझ्याकडं. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं. तिकडं काळी जमीन आणि मालदांडी ज्वारी. मृग कोरडा गेला म्हणून कुणी डोक्याला हात लावून बसत नाही. पेरणी व्हायची ती उत्तरा-हस्ताच्या पावसावर आणि हुरडा संक्रांतीच्या आगेमागे. लग्नानंतर २०१८ साली आंतरजिल्हा बदलीनं इकडं आले, तेव्हा भाताचं रोप एकदा उपटून परत लावतात हेसुद्धा मी फक्त पुस्तकात वाचलेलं होतं.

इथल्या पहिल्याच जूनमध्ये तिसरीतल्या एका मुलानं मला शेवळं आणून दिली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: पहिला पाऊस झाला की रानात जमिनीतून थेट वर येणारे जांभळट कोंब, मक्याच्या कणसासारखे गुंडाळलेले. वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. मी कौतुकानं घरी नेली, चिरली, कांद्यावर परतली आणि भाकरीबरोबर खाल्ली. रात्रभर घसा असा खाजत होता की डोळ्याला डोळा नाही. सकाळी वर्गात आवाज फुटेना. त्या पोरानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, काकडं नाही घातली?" काकडाच्या झाडाची आंबट फळं शेवळांत घालावीच लागतात, त्याशिवाय त्यांची खाज मरत नाही. वर्गातल्या अकराच्या अकरा पोरांना हे माहीत होतं. डी.एड. झालेल्या बाईला नव्हतं.

पुढं एका वर्षी पत्र आलं. रानभाज्यांचं प्रदर्शन भरवा. ऑगस्टमधला अमुक शुक्रवार, सकाळी अकरा वाजता. फोटो आणि उपस्थिती त्याच दिवशी पाचच्या आत लिंकवर भरा. कल्पना सोन्यासारखी होती, याबद्दल दुमत नाही. पण ऑगस्टात शेवळं कुठून आणायची? ती जूनमध्येच संपली. फोडशी निबर झाली होती, टाकळा मांडीएवढा वाढला होता. करटोली होती, ती चार घरांतून आली, थोडी भारंगी आली. टेबल काही भरेना. फोटोत रिकामं दिसायला नको म्हणून सरांनी राजूरच्या बाजारातून मेथी, पालक आणि कोथिंबिरीच्या जुड्या आणल्या आणि आम्ही त्या मागच्या रांगेत मांडल्या. चौथीतली एक मुलगी त्यांच्याकडं बघत म्हणाली, "बाई, मेथी कुठल्या रानात येते?" मी तिला गप्प बस म्हणाले. मग फोटो काढला, लिंक भरली, उपक्रम शंभर टक्के पूर्ण झाला.

त्या मुलीला गप्प केल्याची लाज मला अजून वाटते, आणि हे पत्र लिहायला खरं तर तिथूनच सुरुवात झाली.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. ऋतूंचे उपक्रम जरूर द्या, त्यांची तारीख मात्र शाळेला ठरवू द्या. तुम्ही फार तर पंधरवडा सांगा, नक्षत्र सांगा, खूण सांगा. "पहिला मोठा पाऊस झाल्यापासून आठ दिवसांत", "पळस फुलला की", "धोबी पक्षी दिसला की" अशी. वार आणि वेळ सांगू नका.

हे काही जगावेगळं मागणं नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं आपल्यानंतर उघडतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणजे ऋतू बघून वेळापत्रक हलवता येतं, हे आपण कधीच मान्य केलंय. मग तेवढ्यावरच का थांबलो? बैलांचा सण कोल्हापूर-सांगलीकडं आषाढात बेंदूर म्हणून होतो, आमच्याकडं श्रावणाच्या अमावास्येला पोळा, आणि नागपूरकडं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत तान्हा पोळा करतात. मातीचे बैल करण्याचा उपक्रम सगळ्या राज्याला एकाच तारखेला लावला तर कुठं तरी माती आहे पण सण होऊन गेलाय, आणि कुठं सण आहे पण अजून पत्रच आलेलं नाही, असं होणार. भोंडल्याचंही तेच. आमच्या पोरी हस्ताचा पाऊस पडत असताना पाटावर हत्ती काढून फेर धरतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते. पोरींना फेर धरायला आणि खिरापत ओळखायला कुणाच्या पत्राची गरज लागत नाही. गरज असते ती त्या दिवशी शाळेत दुसरं काही लावलेलं नसण्याची.

आमचा तालुका तर स्वतःच दोन तालुक्यांएवढा वेगळा आहे. घाटघर-रतनवाडीला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात, तिथं जुलैत आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. तीच बस पकडून अकोल्याच्या पूर्वेला गेलात तर शेतकरी ढगाकडं बघत बसलेला असतो. या दोन्हीकडच्या शाळांना "वर्षा ऋतूचे निरीक्षण" एकाच दिवशी करायचं असतं.

पावसाचंच सांगते. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आम्ही पाऊस मोजायची बाटली लावतो. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापायचं, तेच उलटं करून नरसाळ्यासारखं बसवायचं, बुडाशी खडे टाकून रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि ती रेघ शून्य धरायची. बाजूला पट्टी चिकटवली की झालं यंत्र. रोज सकाळी परिपाठाआधी एक जण वाचतो, दुसरा तपासतो, तिसरा लिहितो. एका जुलैत एका रात्रीत बाटली भरून वाहिली. पट्टी दोनशे मिलिमीटरपर्यंतच होती. "दोनशेच्या वर" हे कळत होतं, पण किती वर ते कसं सांगणार?

एक जण म्हणाला, आता मोठा डबा ठेवू. दुसरा लगेच म्हणाला, मोठ्या डब्यात जास्त पाणी पडेल, मग पाऊस उगाच जास्त दिसेल, ते खोटं होईल. वर्गात सरळ दोन तट पडले. भांडण मिटवायला मी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा चौकोनी डबा, वरचा पत्रा कापून, अंगणात ठेवला. शेजारी प्लंबरकडून आणलेला पाइपाचा तुकडा, बुडाला टोपण लावून उभा केला. आणि आमची बाटली होतीच. दुसऱ्या दिवशी डब्यात पट्टी बुडवली: ४६. पाइपात ४५. बाटलीत ४६. "खोटं आहे" असं म्हणून त्यांनी परत मोजलं. मग पट्टी बदलून मोजलं. मग डब्यातलं पाणी पेल्यानं उपसून मोजलं, ते पाइपातल्या पाण्याच्या कितीतरी पट निघालं, आणि गोंधळ आणखी वाढला. पाणी एवढं जास्त, आणि उंची तेवढीच कशी?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मेथीवाली तीच मुलगी म्हणाली, "डब्याचं तोंड मोठं म्हणून पाणी जास्त पडलं. पण त्याला बसायला जागाबी जास्त."

क्षेत्रफळ हा शब्द तिला माहीत नव्हता. मी तो फळ्यावर लिहिला आणि त्या दिवशी मराठीचा तास झाला नाही. वेळापत्रकाप्रमाणं त्या दिवशी "पाणी वाचवा" या विषयावर घोषवाक्य स्पर्धा होती. तीही झाली नाही. संध्याकाळी मी स्वतः दोन कार्डशीटांवर घोषवाक्यं लिहिली, दोन मुलांच्या हातात दिली आणि फोटो पाठवला. तुमच्या नोंदीत त्या तारखेला आमच्या शाळेत घोषवाक्य स्पर्धा झालेली आहे. डबा आणि पाइप कुठंच नाहीत.

जुलैचा दुसरा प्रश्न आवणीचा, म्हणजे भाताच्या लावणीचा. भाताची आवणी सुरू झाली की वर्ग निम्मा रिकामा होतो. घरचं सगळं माणूस चिखलात असतं आणि धाकटी भावंडं सांभाळायला, भाकरी पोचवायला पोरं लागतात. मुलांनी शाळा बुडवून शेतात राबावं असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. मी एवढंच केलं की एक दिवस उरलेला वर्ग घेऊन बांधावर गेले. सोबत एक मीटर बाजूचा दोरीचा चौकोन होता. तो लावलेल्या खाचरात ठेवायचा आणि आतले चूड, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचे जुडगे, मोजायचे. एका चुडात काड्या किती, चौकोनात चूड किती, मग अख्ख्या खाचरात किती. गैरहजर पोरं तिथंच होती, ती आपोआप हजर झाली. गुणाकार आम्ही चिखलात काठीनं केले आणि एका आजीनं आमचं उत्तर ऐकून सांगितलं की दाट लावलंय, पोरींनी घाई केली. हजेरीपत्रकावर त्या दिवशी काय लिहायचं, यावर मात्र सर आणि मी अर्धा तास डोकं खाजवत होतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत. ते भरलेच पाहिजेत, मला मान्य आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये शैक्षणिक वेळापत्रक ठरवण्याचं काम स्थानिक प्राधिकरणाकडं दिलंय. स्थानिक हा शब्द तिथं उगाच आलेला नसावा.

आणि शाळेनं मुलांच्या दिवसाप्रमाणं हलायचं, ही कल्पना परदेशातून आणायला नको. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं गुरांमागं जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी शाळाच गुरांमागं नेली. कुरणशाळा म्हणतात तिला. डी.एड.ला आम्हाला यावर टीप लिहायला होती. मी लिहिली होती, पूर्ण गुण मिळाले होते, आणि पुढची दहा वर्षं ती माझ्या कधी डोक्यातही आली नाही.

आता हिवाळ्याचं थोडं. डिसेंबरात आम्ही अंगणात एक मीटरची काठी उभी करतो आणि दुपारी सावली मोजतो. पहिल्या वर्षी मी बरोबर बाराला मोजायला लावलं. पोरांनी कंटाळून पुढंही मोजत ठेवलं, तर सावली साडेबारापर्यंत आखूडच होत गेली! सूर्य चुकतोय की घड्याळ, यावर एक तास गेला. (घड्याळ प्रयागराजच्या, म्हणजे पूर्वीच्या अलाहाबादच्या, बाजूच्या रेखांशाचं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, हे मीही त्या रात्री वाचलं.) २१-२२ डिसेंबरला सावली सर्वांत लांब, साधारण ९३ सेंटिमीटर. संक्रांतीपर्यंत ती ८६ वर येते. मार्चच्या २१ च्या आसपास ३५. घरी आजोबा सांगतात की संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. पोरांच्या वहीत तर तो तीन आठवडे आधीच वाढायला लागलेला असतो. मग आजोबा खोटं बोलतात का? याचं उत्तर मी लगेच देत नाही. तिळगूळ वाटून होईपर्यंत त्यांना भांडू देते.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी उभ्या काठीची सावलीच दिसत नाही तो, मात्र आमच्या नशिबात नाही. तो येतो मेच्या १७-१८ तारखेला, म्हणजे सुट्टीत. आणि परत येतो जुलैच्या २५-२६ ला, तेव्हा या डोंगरात सूर्यच नसतो. तेवढा दोष मी तुम्हाला देत नाही.

एक दोष माझाही लिहून ठेवते. २०१९ च्या ऑक्टोबरात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कापलेलं भात खाचरात भिजून त्याला कोंब आले. त्याच सुमाराच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता: पावसाळ्याचे महिने लिहा. एका मुलानं लिहिलं, "जून ते दिवाळी". मी लाल पेनानं दिवाळीवर फुली मारली आणि अर्धा गुण कापला. खिडकीबाहेर पाऊस पडत होता.

आता फोटोंबद्दल. फोटोला माझा विरोध नाही, पण फोटोत टेबल दिसतं, शिकणं दिसत नाही. आमच्याकडं एक ऋतूवही आहे. दरवर्षी एक, दोनशे पानी. रोज एका मुलानं एक ओळ लिहायची, बाहेर जे दिसलं ते. "धोबी आला. शेपटी खालीवर करतो." "काटेसावरीला एक पण पान नाही. फुलंच." "आज मृगाचा किडा घावला. मखमल आहे." "आईनं राखेतलं घेवड्याचं बी काढलं. एक पण किडलं नव्हतं." कारवी आमच्या वह्यांमध्ये एकदाच आहे, कारण ती सात वर्षांनी फुलते, ती फुललेली पाहणारं पहिलीतलं पोर पुढच्या वेळी आठवीत असणार. पळस कुठल्या वर्षी कधी फुलला, हे आता आम्ही वह्या शेजारी शेजारी उघडून बघतो. चौथीतली पोरं जुन्या वहीत आपल्या ताईचं अक्षर शोधतात आणि तिच्या शुद्धलेखनाच्या चुका मला आवर्जून दाखवतात. तुमच्या लिंकवर या वहीला रकाना नाही. तिथं विचारलंय: लाभार्थी मुलगे किती, मुली किती. पळस फुललेला पाहण्याचे लाभार्थी, मुलगे पाच, मुली सहा.

तर मागणी अशी. ऋतूच्या उपक्रमाला तारखेऐवजी अवधी द्या, महिनाभराचा दिला तरी चालेल. त्याच दिवशीच्या फोटोऐवजी केंद्रप्रमुखांनी भेटीला आले की वही चाळावी आणि मुलांना दोन प्रश्न विचारावेत. त्यांना तरी टेबलांचे फोटो बघून काय मिळतं? मूल शेतावर गेलेल्या दिवशी वर्ग शेतावर गेला तर तो दिवस शाळेचाच धरावा. आणि बदलून आलेल्या माझ्यासारख्यांसाठी शिक्षण परिषदेतला एक अर्धा दिवस गावातल्या माहीतगार माणसांना द्यावा. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी वाण जपल्याबद्दल २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याएवढं नाव नसलेल्या, पण काळभात आणि जिरवेल हे भाताचे वाण डोळे झाकून वेगळे करणाऱ्या आज्या आमच्या वाडीवर तीन आहेत. पीपीटीवरच्या "निसर्ग आणि आपण" या तासाच्या जागी त्यांतल्या एकीला बोलवा. मानधन नाही दिलंत तरी एसटीचं भाडं आणि चहा द्या.

यातल्या कशालाही जास्तीचा निधी लागत नाही. लागला तर दोनशे पानी वहीचा, तो मी सध्या घालते आहेच.

पुढचं वेळापत्रक छापायच्या आधी एकदा इकडं या. जुलैचा तिसरा आठवडा बघा, आवणी असेल. बूट घालून येऊ नका, खाचरात राहतील. बांधावर उभं राहायला इरलं आम्ही देऊ. दोरीचा चौकोन पोरं तुमच्या हातात देतील आणि मोजायला लावतील, तेव्हा चुकू नका, कारण ती पाठ सोडत नाहीत.

कळावे,
आपली,
दोनशिक्षकी शाळेतली एक बाई

ता.क. जुलै जमणार नसेल तर पहिल्या पावसानंतर लगेच या, शेवळं मिळतील. घरी नेणार असाल तर काकडं आठवणीनं मागून घ्या.